दोन शब्द, मराठीत

मला खो-खो आवडत नाही.

आहे का यात काही? साधं वाक्य. आज मी चहा पिता पिता कोणालाही सांगते आणि समोरचा म्हणतो, बरं, मग? पण एकेकाळी आमच्या घरात हे बोलणं म्हणजे देवघरात चप्पल घालून शिरण्यासारखं होतं. त्यातून मी कोण, तर कॉलेजच्या मुलींच्या संघाची कॅप्टन. सामन्याआधी पोरींना गोल उभं करून असं भाषण ठोकायची की कडेला बसलेल्या बायकांनासुद्धा पदर खोचून मैदानात उतरावंसं वाटावं. माझा आवाज पहिल्यापासून मोठा आणि तोंडाचा पट्टा त्याहून मोठा. "हरायचंच असेल तर आत्ताच घरी जा, आईला भांडी तरी घासू लागशील!" असं काहीतरी मी ओरडायचे आणि पोरी पेटून उठायच्या. सगळ्या पेटायच्या, एक मी सोडून. मी मनात म्हणायचे, अरे, मला कोणी तरी म्हणा ना, घरी जा.

आमचं घर बऱ्हाणपुरात, राजपुऱ्यात. बाबा केळीचे ट्रक भरून देण्याच्या कामावर. त्यांची हिंदी ड्रायव्हर लोकांची आणि मराठी शेतकऱ्यांची. समोर कोण आहे ते पाहून ते भाषा बदलतात आणि घरी आले की दोन्ही भाषांत गप्प बसतात. आई सरहद्दीपलीकडची, महाराष्ट्रातल्या रावेरकडच्या खेड्यातली, सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. लग्न होऊन इकडे आली, पण तिने आपली मराठी तसूभर हलू दिली नाही. ती भाजीवाल्याशी मराठीत भांडते आणि भाजीवाला हिंदीत हरतो. मी मात्र पहिलीपासून हिंदी शाळेत. त्यामुळे घरात मराठी, शाळेत हिंदी आणि गल्लीत दोन्हीचं कालवण. "आई, मी पढाई करून रायली, बाद में जेवते" हे आमच्याकडे सरळ वाक्य आहे. जळगावला दिलेली आत्या आली की नाक मुरडायची. म्हणायची, "वहिनी, तुमच्या पोरीच्या मराठीत खडे लागतात." खडे म्हणे! आम्हाला तो भातच वाटायचा.

सहावीत असताना खेळाच्या सरांनी मला पळताना पाहिलं. मी काही शर्यतीत पळत नव्हते. शाळेमागच्या चिंचेवर पोरांनी दगड मारला होता, मधमाश्या उठल्या होत्या आणि मी जीव घेऊन धावत होते. सर म्हणाले, "ये लड़की तो उड़ती है." दुसऱ्या दिवशी मी संघात. हेच सर पुढे कॉलेजच्या संघालाही शिकवायला लागले, म्हणजे माझी सुटका तिथेही नव्हती.

खरी गोष्ट पुढे झाली. त्याच सहावीच्या वर्षी दिवाळीत आत्या आलेली. माझी खेळाची हाफपँट दोरीवर वाळत होती, ती तिने चिमटीत धरून सगळ्यांना दाखवली. म्हणाली, "हे घालून पोरगी चारचौघांत पळणार? उद्या हिला कोण करून घेईल?" बाबा खाली मान घालून करंजी खात राहिले. आणि माझी आई, जी आत्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नव्हती, जी आत्याने पाणी मागितलं तर तांब्या घासून द्यायची, तिने लाटणं खाली ठेवलं. "माझी पोरगी पळेल," ती म्हणाली. "ज्याले पाहावत नही त्यानं डोये मिटावे."

व माय! घर सुन्न. आत्या न जेवता निघाली. त्यानंतर बाबांच्या घराण्यातल्या कुठल्याच कार्यात आईला कोणी पुढे बोलावलं नाही. लग्नाला गेलो तर ती मागे खुर्चीवर बसायची आणि बाकीच्या जावा हळदीला पुढे. घरी येऊन ती माझे बूट जरा जास्त जोरात घासायची.

त्या दिवाळीपासून माझं पळणं माझं राहिलं नाही. ते आईचं झालं. पहिली एक-दोन वर्षं मजा आली, खोटं कशाला बोलू. मग कधीतरी मजा गेली. कधी गेली ते काही मला सांगता येणार नाही. पण आईची थोडीच जाणार होती! ती रोज पहाटे मला उठवायची. तिच्या मोबाईलवर मीच कधीतरी हौसेने गजर लावून दिला होता, कोंबड्याच्या आवाजाचा. रोज अंधारात तो मेला आरवायचा, आई उठायची, माझ्या पाठीवर हात ठेवायची आणि म्हणायची, "चाल, बाई." मग ती माझ्याबरोबर मैदानावर. हिवाळ्यात कानाला मफलर बांधून, उन्हाळ्यात छत्री घेऊन, भिंतीला टेकून उभी. दुसऱ्या पोरींच्या आया पोरींना ओढून घरी न्यायच्या. पोरी मला म्हणायच्या, "तेरी मम्मी कितनी अच्छी है यार." मी म्हणायची, हो ना.

आता सांगा, अशा बाईला तोंडावर सांगायचं कसं?

खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्या बाजूच्या पोरी ओळीने चौकोनांत बसतात, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. मागून कोणी पाठीवर थाप मारून 'खो' म्हटल्याशिवाय उठायचं नाही. समोरून प्रतिस्पर्धी नाकासमोर नाचत गेली तरी बसून राहायचं. माझे गुडघे मातीत, हात जमिनीवर, आणि मला सारखं मैदानाचं फाटक दिसायचं. फाटकाबाहेर एक पोह्यांची गाडी. वाटायचं, उठावं, फाटकातून बाहेर जावं, शेव घातलेले पोहे खावेत आणि परत येऊच नये. तेवढ्यात पाठीवर थाप पडायची, खो! आणि मी पळत सुटायची. फाटकाकडे नव्हे, कोणाच्या तरी मागे.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी सरांनी घरी येऊन सांगितलं की भोपाळला खेळाडूंच्या वसतिगृहात जागा आहे. तिथे राहायचं, दिवसभर खेळायचं, पुढे खेळाडू म्हणून नोकरीचंही जमतं. इच्छापूरच्या स्पर्धेत जिंकलो तर कॅप्टनचं नाव नक्की. आईने त्यांना मावा जिलेबी खाऊ घातली, आणि सर गल्लीच्या वळणावर पोचायच्या आत माळ्यावरची मोठी बॅग खाली काढली. मी त्या बॅगेकडे पाहत राहिले. इथे निदान संध्याकाळी घरी येता यायचं. तिथे सकाळ तीच, संध्याकाळ तीच. आता नाही बोलले तर संपलंच, हे मला कळत होतं.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा ती भाकरी थापत होती तेव्हा जवळ बसले. म्हटलं, "आई, मले एक सांगायचं हाये." तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "गुडघा दुखते का?" मी काही म्हणायच्या आत तव्याखालचा जाळ कमी केला, तेल गरम करायला ठेवलं आणि माझा पाय मांडीवर घेतला. घ्या! ज्या बाईने आपला पाय मांडीवर घेतलाय तिला काय सांगणार? मी गुडघा चोळून घेतला. बाबांना सांगून पाहिलं, तर त्यांनी हात झटकले. "तुझ्या आईले सांग ना," म्हणाले, आणि मोबाईलमध्ये डोकं घातलं. मोठे आले सांगणारे.

इच्छापूरची स्पर्धा थंडीत असते. देवीच्या डोंगराखालचं मैदान, कडेने खेळण्यांची दुकानं, भजी, भोंगा. इच्छापूर आहे मध्य प्रदेशात, पण सरहद्द इतकी जवळ की प्रेक्षक अर्धे पलीकडून आलेले. अंतिम सामना आमचा आणि जळगावकडच्या एका संघाचा. आई पहिल्या रांगेत बसली होती, नवी जांभळी साडी नेसून, मांडीवर माझ्यासाठी लाडवांचा डबा घेऊन. तिच्या शेजारी बाबा, आणि आश्चर्य म्हणजे त्यांच्या पलीकडे आत्या! एवढ्या वर्षांनी, पुतणी मोठी खेळाडू झाली म्हणून बघायला आलेली. आईचा चेहरा असा होता की विचारू नका. ती आत्याकडे बघत नव्हती, पण आत्या तिच्याकडे बघतेय हे तिला समजत होतं.

प्रमुख पाहुणे यायचे होते आणि येत नव्हते. लोक कंटाळून भज्यांकडे वळायला लागले. तेव्हा सूत्रसंचालन करणाऱ्या गृहस्थांनी माइकवर जाहीर केलं की पाहुणे येईपर्यंत दोन्ही कर्णधार आपापल्या संघाला उद्देशून दोन शब्द बोलतील. पलीकडची कॅप्टन बोलली. मोजकं, स्वच्छ मराठी, एक खडा नाही. मग मी. माझं भाषण डोक्यात तयार होतं, पण हिंदीत. आमच्या संघात निम्म्या पोरी जुन्या शहरातल्या, उर्दू-हिंदी बोलणाऱ्या. त्यांच्यासाठी मी नेहमी हिंदीतच गर्जायची. मी माइक हातात घेऊन "साथियो" म्हटलं मात्र, गृहस्थ हसून म्हणाले, "ताई, मराठीत होऊ द्या. इथे सगळे आपलेच आहेत."

झालं. आत्या पहिल्या रांगेत. म्हटलं, हिला दाखवतेच आज मराठी काय असते ते. मी 'मले'चं 'मला' केलं, 'हाये'चं 'आहे' केलं आणि डोक्यातलं हिंदी भाषण तिथल्या तिथे मराठीत फिरवायला लागले. सुरुवात झकास झाली. पोरी सावरून उभ्या राहिल्या, मागचे लोक भजी सोडून पुढे आले.

मी म्हटलं, "लोक विचारतात, खेळून काय मिळतं? मी सांगते काय मिळतं. पडल्यावर उठायचं कसं, हे कुठल्याच पुस्तकात नाही. ही शिक्षा मला माझ्या आईने दिली!"

समोर थोडा हशा पिकला. मला वाटलं, लोक खूश झाले. मी आवाज चढवला.

"थंडी असो, ऊन असो, रोज पहाटे उठवून दिली. एक दिवस चुकली नाही. आज मी जी कोणी आहे, ती आईने दिलेल्या शिक्षेमुळे आहे!"

आता लोक मांड्यांवर थापा मारत होते. माझ्या अंगात आलं.

"आणि माझी एकच इच्छा आहे, अशी शिक्षा प्रत्येक आईने आपल्या मुलीला द्यावी!"

टाळ्या, शिट्ट्या, हशा. सूत्रसंचालकांनी डोळे पुसत माइक घेतला आणि म्हणाले, "वा! आईंची शिक्षा चांगलीच लागू पडलेली दिसते!" पुन्हा हशा. मी संघाकडे वळून पाहिलं तर अजब प्रकार. हिंदीवाल्या पोरींच्या डोळ्यांत पाणी आणि मराठीवाल्या पोट धरून वाकलेल्या. ओळीत माझ्याशेजारी बसणारी माझी मैत्रीण मराठी घरातली. ती माझ्या कानाशी आली. "अगं बये, शिक्षा काय म्हणतेस? शिक्षण म्हण ना! मराठीत शिक्षा म्हणजे सजा!"

मला शब्द ठाऊक नव्हता असं नाही. पण शाळेत पहिलीपासून शिक्षा म्हणजे शिक्षणच. भिंतीवर तेच रंगवलेलं, पुस्तकावर तेच छापलेलं. घाईत फिरवताना बाकी सगळं मराठी झालं आणि तो एक शब्द तसाच राहिला. मी आईकडे पाहिलं. तिच्या दोन्ही बाजूंचे लोक हसत होते. आत्या तोंडाला रुमाल लावून हलत होती. आई हसत नव्हती. ती डब्याच्या झाकणाकडे बघत होती, ते नीट लागलंय की नाही हे बघावं तसं.

मला रडू यायला हवं होतं. आलंही. पण खरं सांगते, रडण्याच्या आधी एक क्षण मला इतकं हलकं वाटलं की पाय जमिनीला लागत नव्हते. बोलून गेले की मी! माइकवर, भोंग्यावर, सगळ्या गावासमोर. भाकरीच्या तव्याशेजारी जे तोंडातून निघत नव्हतं ते इथे तीनदा निघालं आणि वर टाळ्या पडल्या.

सामना झाला आणि आम्ही जिंकलो. त्या दिवशी मी जशी खेळले तशी आयुष्यात खेळले नाही. डोकं रिकामं होतं, पाय आपले पळत होते. शेवटचा गडी मीच खांबाजवळ झेप घेऊन बाद केला. सरांनी मला मिठीच मारली. "बस बेटा, भोपाल पक्का!" मुख्य पाहुणे एव्हाना पोचले होते, कोणीतरी त्यांना किस्सा सांगितला होता. ट्रॉफी देताना ते आईकडे बघून म्हणाले, "वहिनी, थोडी शिक्षा आमच्या पोरांनाही द्या." आईने हात जोडले. लाडवांचा डबा तिने उघडलाच नाही.

परतीच्या गाडीत ती पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसली. मागे पोरी गात होत्या आणि कोणीतरी मोबाईलवर घेतलेलं माझं भाषण एकमेकींना पाठवत होत्या. घरी पोचेपर्यंत ते अर्ध्या बऱ्हाणपूरच्या स्टेटसवर होतं, खाली हसून रडणारी तोंडं. आईच्याही मोबाईलवर आलं. जो तो पाठवायचा. आत्याने तर फोनच केला, आणि आईने चुकून स्पीकरचं बटण दाबल्यामुळे मी सगळं ऐकलं. "काय वहिनी, पोरीनंच सांगितलं की जगाला! मी बोलले तेव्हा किती झोंबलं होतं तुम्हाला." आईने "हो, ठेवते" एवढंच म्हटलं.

त्यानंतर सगळ्यांनी मिळून गैरसमज निस्तरायला घेतला. सर येऊन आईला समजावून गेले, "माताजी, हिंदी में शिक्षा मतलब पढ़ाई." बाबा, जे कधी कशात बोलत नाहीत, ते दारात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागले, "अहो, पोरगी हिंदीतून शिकली न, तिले म्हणायचं होतं शिक्षण." शेजारीण सांगे, मैत्रीण सांगे. सगळे मला वाचवत होते. आणि मी? मी मान डोलवत होते. हो हो, शिक्षणच. माझ्या तोंडून आयुष्यात एकदा खरं निघालं, आणि आता सारं गाव फडकं घेऊन ते पुसत होतं, आणि मी त्यांना पाणी आणून देत होते. चीड चीड व्हायची. रात्री उशीत तोंड घालून मी स्वतःलाच शिव्या द्यायची.

आईने कोणालाच काही म्हटलं नाही. पहाटे कोंबडा आरवायचा, ती उठायची, दाराशी उभी राहून म्हणायची, "वाजले." पाठीवर हात ठेवायची नाही. मैदानावर यायची नाही. म्हणायची, "तुझं तू जाय, मले काम हाये." त्या वेळी कसलं काम? मी परत आले की ती ओट्याशी उभी असायची आणि मोबाईल बाजूला ठेवायची. त्यातून मला माझाच आवाज ऐकू आलेला असायचा. अर्धं वाक्य, मग बंद.

भोपाळला निघायचं होतं त्याच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी, ती बॅग भरत होती. केळीचे वेफर्स, चिवडा, तेलाची बाटली, नवे मोजे. मी पलंगावर बसून तिच्या हाताकडे बघत होते. एक एक वस्तू आत जात होती. बाबा कामावर. बाहेर गल्लीत कोणाचा तरी टीव्ही चालू. तिने मोजे एकात एक घातले, आणि न बघता विचारलं,

"तू जे बोलली, ते कोणत्या शाळेतलं?"

"म्हणजे?"

"सगळे सांगून गेले मले. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मले का ठाऊक नही? तुझ्या शाळेच्या भिंतीवर लिव्हलेलं मी रोज पाहायची, तुले सोडाले यायची तवा." तिने मोजे बॅगेत ठेवले. "पण तू मराठीत बोलून रायली होती. माझ्या शाळेत शिक्षा म्हणजे अंगठे धरून उभं राहणं. म्हून विचारते. तू तुझ्या शाळेतली शिक्षा म्हनली, का माझ्या?"

उत्तर तयार होतं. सगळ्या गावाने तयार करून दिलं होतं. 'माझ्या' एवढं म्हटलं की आईचा चेहरा फुलणार होता, उद्या ती गाडीत बसवायला येणार होती, कदाचित पाठीवर हातही ठेवणार होती. एक शब्द. मी तोंड उघडलं. ती आता माझ्याकडे बघत होती. डोळ्यांत राग नव्हता. विचारत होती, एवढंच.

"तुझ्या," मी म्हटलं.

ती तशीच उभी राहिली. मग पलंगाच्या काठावर बसली. मला वाटलं रडेल. रडते कसली!

"मंग इतके वर्षं मुकी झाली होती का?" ती एकदम ओरडलीच. "साऱ्या दुनियेले भाषण देते, आईले एक गोष्ट सांगता येत नही? मी तिथी थंडीत कुडकुडून रायली, अन् तू मनात मले शिव्या देऊन रायली?"

"शिव्या नव्हते देत."

"मंग?"

"तू माझ्यासाठी आत्याशी भांडली होती," मी म्हटलं, आणि मग मात्र माझा बांध फुटला. "सगळ्यांशी वाईट झाली. हळदीला मागे बसली. मी सोडून दिलं असतं तर तू कशासाठी भांडली म्हणायचं?"

गल्लीतल्या टीव्हीवर कोणीतरी मोठ्याने हसत होतं.

"मी भांडली ते तू पळताना हसायची म्हून," ती शेवटी म्हणाली. "मधमाश्या मागे लागल्या होत्या तरी हसत होती तू. सर सांगत होते." तिने पदराने नाक पुसलं. "तुले अडकवून ठेवाले थोडी भांडली, बाई."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिने ठेवू दिलं. पण तिचा हात माझ्या डोक्यावर यायला वेळ लागला, आणि तो वेळ मला जन्मभर पुरेल. मग तिने चोळीतून मोबाईल काढला आणि माझ्या तोंडासमोर धरला.

"हा कोंबडा बंद कर," ती म्हणाली. "मले वाजला की चूप करता येते, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजते. कायमचा बंद करता येत नही. तू लावला होता, तूच काढ."

मी काढला. एका बोटाचं काम होतं. मग तिने बॅगेतला चिवडा, मोजे बाहेर काढले आणि बॅग परत माळ्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी कोंबडा आरवला नाही. तरी मला अंधारातच जाग आली. स्वयंपाकघरात उजेड होता. आई भिंतीला टेकून खाली बसली होती, पुढ्यात चहा, कानाला मफलर बांधलेला.

"झोप न," ती म्हणाली.

"झोप नही येत."

"मले बी नही येत." तिने कप माझ्याकडे सरकवला. "इतक्या वर्षांची सवय. आता या टायमाले मी करू काय?"

मी तिच्याशेजारी खाली बसले आणि अर्धा चहा बशीत ओतून तिला दिला.